इवायाची पेटी आणि माझी मंगलाष्टकं

आमच्या घराण्यात कवी एकच, तो म्हणजे मी. ही निवड बिनविरोध झाली, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. भोकरदनकडच्या आमच्या भावकीत लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी मला फोन येतो, "मंगलाष्टकं तेवढी तुमच्याकडं लागली बरं का." मी लगेच हो म्हणतो. मंगलाष्टकं फार वर्षांपूर्वीच लिहून झालेली आहेत, दर लग्नाला फक्त नावं बदलायची असतात. मागच्या एका लग्नात मी माइकवर पहिली ओळ म्हटली आणि दुसरी ओळ मांडवानंच म्हणून टाकली. माणसाची कविता लोकांच्या तोंडी बसते म्हणतात, ती अशी.

एवढ्या भांडवलावर मी संगीत नाटकाची गाणी लिहायला बसेन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बायकोला वाटलं होतं, पण ते वाईट स्वप्नात.

झालं असं की माझी मुलगी, जी लग्न होऊन जालन्यातच दोन गल्ल्या पलीकडं दिली आहे, ती इथल्या एका हौशी नाट्यमंडळात काम करते. हे मंडळ दरवर्षी एकच नाटक करतं. नाव बदलतं, पण नाटकात एक कपाट असतं आणि त्या कपाटात एक नवरा लपतो. मुलगी बरीच वर्षं त्यात मोलकरीण होती. तिचं काम म्हणजे तिसऱ्या प्रवेशात कपाट उघडून किंचाळणं. ती फार सुंदर किंचाळते, हे मी बाप म्हणून सांगत नाही, सगळे म्हणतात. पण यंदा तिनं मंडळाच्या अध्यक्षांपुढं एक कादंबरी ठेवली आणि म्हणाली, "ह्याचं संगीत नाटक करायचं. बसवणार मी."

कादंबरी मंठ्याकडच्या एका खेड्यातल्या सुनेची. घरातली बंद पडलेली पिठाची गिरणी ती पुन्हा सुरू करते, एवढीच गोष्ट. पण ही सून पुस्तकभर गप्प आहे. सासू बोलते, दीर बोलतो, शेजारपाजार बोलतो, आणि सून प्रत्येक पानावर 'मनात म्हणाली'. मुलीचं म्हणणं असं, "बाबा, मनातलं स्टेजवर दिसत नाही. तिच्या मनातलं गाण्यातच यायला पाहिजे."

अध्यक्ष सावध माणूस. ते म्हणाले, आधी एक गाणं ऐकवा. जमलं तर संगीत नाटक, न्हाई तर मंग आपलं कपाट आहेच.

म्हणजे सगळं त्या एका गाण्यावर आलं. मुलीला दिग्दर्शन करायचं होतं. ते हुकलं तर पुन्हा तिसऱ्या प्रवेशात किंचाळायला उभं राहायचं. ती हे हसत सांगत होती, पण तिचं हसू मी लहानपणापासून ओळखतो.

शहरातले वाजवणारे सगळे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात अडकलेले. तेव्हा घरातलीच माणसं उरली. शब्दांना मी, आणि चालीला तिचे सासरे.

माझे व्याही, आमच्या बोलीत इवाई, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. मूळचे राजूरचे. तिथं गणपतीपुढं भजनी मंडळात पेटी वाजवत त्यांचं सगळं तारुण्य गेलं. हात गोड आहे. मला संगीतातलं कळत नाही, पण ते वाजवायला लागले की आपोआप डोळे मिटतात आणि हात जोडले जातात. हीच पुढं अडचण झाली.

पहिल्या बैठकीला मी त्यांच्याकडं निघालो तेव्हा बायकोनं दारात अडवलं.

"काय बोलायचं ते जपून बोला."

"अगं, गाणं करायला चाललोय."

"तेच म्हणते. मुलीचं सासर आहे ते. चाल कशी का असंना, वा म्हणायचं."

मी वा म्हणालो. तिकडं विहीणबाईंनीही आपल्या नवऱ्याला अशीच तंबी दिली होती हे नंतर कळलं. व्याही घरी आला की आपल्याकडं त्याला साधं जेवण घालता येत नाही, आणि साधं बोलणंही बोलता येत नाही. त्यामुळं बैठक अशी झाली: आधी पुरणपोळी. मग मी माझ्या ओळी वाचल्या. सून रागानं घर सोडून गिरणीत येते, असा तो प्रसंग. मी लिहिलं होतं,

*आली ती गिरणीत कोप धरुनी, डोळ्यांत लाली जरा*

जाणकारांच्या लक्षात आलंच असेल. मंगलाष्टकांच्या शार्दूलविक्रीडिताशिवाय माझ्या हाताला दुसरं वृत्तच ठाऊक नाही. बाई चिडो, रडो, दळो, माझ्या लेखणीतून ती अंतरपाटामागंच उभी राहते.

"वा, वा," व्याही म्हणाले. "फारच उत्तम. शब्दकळा उच्च आहे."

मग त्यांनी चाल लावली. मी डोळे मिटले. ओळ संपता संपता माझा उजवा हात आपोआप घंटा शोधायला लागला.

"वा, व्याहीसाहेब," मी म्हणालो. "किती प्रसन्न चाल."

"आपले शब्दच तसे आहेत."

"छे छे, आपला हात."

आम्ही दोघंही एरवी 'येऊन राह्यलो, जाऊन राह्यलो' म्हणणारी माणसं. पण त्या खोलीत आम्ही शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलत होतो. पुढच्या बैठकीला ते आमच्याकडं आले तेव्हा बायकोनं शिरा केला. त्याच्या पुढच्या वेळी तिकडं बासुंदी. गाणं होतं तिथंच होतं, माझा पट्टा मात्र एक भोक पुढं सरकला. प्रत्येक वेळी घरी आल्यावर मी बायकोला म्हणायचो, "चाल म्हणजे शुद्ध आरती आहे." आणि तिकडं ते विहीणबाईंना म्हणायचे, "शब्द न्हाईत ते, लग्न लागून राह्यलं." हेही नंतर कळलं.

मुलीनं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"बाबा, हे काय आहे?"

"मला काय विचारतेस? चाल त्यांची आहे."

"मग सांगा ना त्यांना."

"तू सांग. दिग्दर्शक तू आहेस."

"मी सून आहे!"

सासऱ्यांना बोलता येत नाही म्हणून त्यांच्या वाटचंही तिनं मलाच ऐकवलं. मी दोन माणसांचं बोलणं खाऊन बाहेर आलो. व्याह्यांनी विचारलं, "आवडलं का पोरीला?" मी म्हणालो, "फार भारावलीय."

मंडळाच्या तालमी एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये चालतात. लग्नाची तारीख नसली की मालक हॉल देतो. गाणं ऐकवायला आम्ही तिथं गेलो, हा योगच वाईट. मागं लग्नाच्या दोन खुर्च्या, वर झालर. व्याह्यांनी भाता हलवला आणि मी गायला लागलो. गायला लागलो म्हणजे मंगलाष्टकं म्हणतात तसं, एक हात कानावर.

दुसऱ्या कडव्याला मागची दोन माणसं उठून उभी राहिली. मला वाटलं, दाद. मग त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, तो आरतीचा. गाणं संपलं तेव्हा मंडळातले सगळ्यात ज्येष्ठ नट पुढं आले आणि त्यांनी सवयीनं दोन्ही हात ओंजळीसारखे पुढं केले. पेटीवर काही नाही हे पाहून ते ओशाळले आणि हात तसेच तोंडावरून फिरवून परत गेले. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "अक्षदा वाटल्याच न्हाई राव."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "गाणं मंगल आहे," ते म्हणाले. "पण ती बाई भांडून आल्ती ना?"

मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती. अध्यक्षांना तिची दया आली असावी. म्हणाले, पुढच्या रविवारी आणखी एकदा ऐकू. आणि मग सहजच सेवकाला सांगितलं, "ते कपाट जरा पुसून ठेव."

ते कपाट हॉलच्या कोपऱ्यातच उभं होतं. मुलगी त्याच्याकडं न बघता खाली उतरली.

त्याच दुपारी सगळे आमच्या घरी जेवायला आले. पराभवानंतरचं जेवण फार अवघड असतं, त्यातून व्याह्यांबरोबरचं. बायको वाढत होती. पानात येसरची आमटी, भाकरी, आणि व्याही म्हणून जिलबी. व्याही म्हणाले, "आपले शब्द फारच सुरेख होते, हॉलच बरोबर नव्हता." मी म्हणालो, "चाल तर अप्रतिमच. पंख्याचा आवाज मध्ये आला." मुलगी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत जिलबीचे तुकडे करत होती. खात नव्हती.

आणि बायकोचा संयम सुटला. ज्या बाईनं मला महिनाभर जपून बोला, जपून बोला म्हणून सांगितलं, तिनं आमटीचं भांडं खाली ठेवलं, पदर खोचला आणि मोठ्यांदा सुरू केलं:

*आला आला रुखवत, खाली मांडला पाट,*
*इवायाची नायिका बघा फिरवते आरतीचं ताट!*

रुखवताची गाणी आमच्याकडं लग्नात अजूनही म्हणतात. मुलीकडच्या बायका मुलाकडच्यांना गाण्यातून वाट्टेल ते बोलतात, मुलाकडच्या उलटून देतात, आणि त्यावर कुणी रागवायचं नाही हा रिवाज. पण ते मांडवात. जेवणाच्या पानावर, लग्नाला तीन वर्षं झाल्यावर, कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मी विहीणबाईंकडं बघितलं. त्या भाकरी मोडत होत्या. त्यांनी शांतपणे हात धुतला, तोंड पुसलं आणि माझ्याकडं बोट केलं:

*आला आला रुखवत, त्यात ठेवली सुपारी,*
*ह्या इवायाच्या गाण्यापायी लग्न लागतं दर दुपारी!*

आधी मुलगी हसली. मग जावई. मग व्याही असे हसले की त्यांना ठसका लागला, आणि ठसका थांबल्यावर ते मला पहिल्यांदाच 'व्याहीसाहेब' सोडून म्हणाले, "इवाई, आता खरं सांगू का?"

"सांगा की."

"असं न्हाई. रिवाजानं." आणि खरकट्या हातानं पाटावर ठेका धरून:

*आला आला रुखवत, मधी रोवला खांब,*
*शब्द तुमचे थांबेनात, श्वास म्हणतो थांब!*

मला लागलं. खोटं कशाला बोला, चांगलंच लागलं. पण गाण्यातून आल्यामुळं रागवता येईना, आणि रागवता येत नाही म्हटल्यावर विचार करावा लागला. माझी ओळ एका दमात म्हणता येत नाही हे खरंच होतं. मंगलाष्टकात चालतं, तिथं श्वास कमी पडला तर भटजी सांभाळून घेतात.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी कवी. उत्तर यायला पाहिजे. मी डोळे मिटले आणि काय सांगू, टोमणासुद्धा शार्दूलविक्रीडितात यायला लागला. "लहान ठेवा, बाबा, लहान," मुलगी म्हणाली. शेवटी कसंबसं जमलं:

*आला आला रुखवत, साखरेची वाटी,*
*घरात भांडली बाई, तुम्ही टाळ दिले हाती!*

"बराबर!" व्याही पाटावर थाप मारून ओरडले. "बिलकुल बराबर! महिनाभर मला ते समजून राह्यलं, पण बोट दुसरीकडं जातच न्हाई हो. पेटी उघडली की राजूर समोर येतं!"

"मग काहून न्हाई बोललात?"

"तुम्ही वा म्हणत होते!"

"तुम्हीबी म्हणत होतात!"

मुलीनं दोन्ही हात वर केले. "थांबा. सगळे थांबा." तिचा आवाज बदलला होता. "ती सून सासूला तोंडावर काही बोलू शकत नाही. बरोबर? मग ती असंच बोलेल. तुम्ही आत्ता बोललात ना, तसं. गिरणीत. पट्टा सुरू झाला की बाहेर काही ऐकू जात नाही, तेवढ्या वेळात."

कादंबरीत हे कुठंच नव्हतं. पण ती म्हणाली तेव्हा असं वाटलं की लिहिणाऱ्याच्या मनात ते असणारच, त्या सुनेसारखं, मनातल्या मनात.

दुसऱ्या दिवशी मी आणि व्याही ज्वारीचा डबा घेऊन आमच्या गल्लीतल्या गिरणीवर गेलो. "व्याह्यांना दळणाच्या रांगेत उभं केलं म्हणून लोक काय म्हणतील," असं बायको म्हणाली, पण आदल्या दिवसापासून तिच्या म्हणण्यातला जोर गेला होता. गिरणीत पिठाचा धुरळा, आणि आम्ही दोघं भिंतीला टेकून डोळे मिटून उभे. मागच्या बाईनं आम्हाला चक्कर आली का विचारलं. पट्ट्याला जिथं जोड असतो तो दर फेऱ्याला चाकावरून जाताना 'टक्' वाजतो. घर्र घर्र घर्र टक्. घर्र घर्र घर्र टक्. व्याह्यांची बोटं डब्याच्या झाकणावर चालायला लागली. त्यात देव कुठंच नव्हता.

"इवाई, ह्याच्यात बसतील एवढेच शब्द द्या," ते ओरडून म्हणाले. आत ओरडल्याशिवाय ऐकूच येत नाही. मीही ओरडून म्हणालो, "फिर रे पट्ट्या, फिर फिर फिर!" ते म्हणाले, "पुढं?" मी म्हणालो, "माझं ऐकायला नाही कुणाला धीर!" बाकीची रांग आमच्याकडं बघून राह्यली होती. दळण हातात आलं तेव्हा कडवं झालं होतं:

*फिर रे पट्ट्या, फिर फिर फिर,*
*माझं ऐकायला नाही कुणाला धीर.*
*दाणा बोलतो, दगड बोलतो,*
*सून बोलली तर उंबरा हलतो.*

शेवटची ओळ कुणाची यावर आमच्यात अजून वाद आहे. मला वाटतं माझी. त्यांना वाटतं त्यांची. बायकोला वाटतं, आमच्या मागं उभ्या असलेल्या बाईची.

तो आठवडा आम्ही रोज दुपारी बसलो. पुरणपोळी बंद झाली, त्या जागी धपाटे आणि ठेचा आला. व्याह्याला धपाटे म्हणजे आमच्याकडं अपमानच, पण इवायाला चालतात. नियम एकच ठरला: एकमेकांच्या कामात खोट काढायची ती रुखवत गाऊनच. ह्याचा एक फायदा असा की खोट काढायच्या आधी यमक शोधावं लागतं, तेवढ्या वेळात निम्म्या तक्रारी आपोआप विरतात. उरतात त्या खऱ्या असतात.

रविवार आला. तोच हॉल, त्याच खुर्च्या, कोपऱ्यात तेच कपाट, आता पुसलेलं. गाणं या वेळी मुलीनंच म्हटलं. हॉलमधलं टेबल व्याह्यांनी आधी वाजवून घेतलं, घर्र घर्र टक्, आणि मग पेटी धरली. पहिल्या कडव्याला ज्येष्ठ नटांचे हात मांडीवरच राहिले. दुसऱ्या कडव्याला त्यांचा पाय हलायला लागला. मी श्वास रोखून बसलो होतो. तेवढंच माझं काम होतं.

आणि तिसऱ्या कडव्याला घात झाला. समोरची माणसं डोलताना बघून व्याह्यांना भरून आलं. त्यांना भरून आलं की बोटं राजूरला जातात. लय सैल पडली, सूर लांबले, आणि सून हळूहळू पट्ट्यावरून देव्हाऱ्याकडं निघाली. ज्येष्ठ नटांचा पाय थांबला. त्यांचे हात एकमेकांजवळ यायला लागले.

मुलगी गाता गाता थांबली. दिग्दर्शक तीच, तेव्हा सांगायचं तिनंच. तिनं माझ्याकडं बघितलं, नेहमीसारखं. मी पंख्याकडं बघितलं. खरं तर मी उठलोही असतो, पण बायकोनं, जी माझ्या शेजारी बसली होती, माझा शर्ट मागून घट्ट धरला होता. "तिला बोलू द्या," ती हळूच म्हणाली.

मुलीनं कमरेवर हात ठेवला. तीन वर्षांत तिनं सासऱ्यांना 'चहा ठेवू का मामा' याच्या पलीकडं आवाज चढवलेला नव्हता.

*आला आला रुखवत, वरती बसला मोर,*
*मामा, देव राहू द्या देव्हाऱ्यात, गिरणीला लावा जोर!*

व्याह्यांनी पेटीचा भाता बंद केला आणि सुनेकडं बघत राहिले. मला वाटलं, संपलं, गाणंही गेलं आणि सासरही. मग त्यांनी दोन्ही कान पकडले.

"बराबर हे पोरी," ते म्हणाले. "चुकलं. पहिल्यापासून घे."

तिनं पहिल्यापासून घेतलं. या वेळी तिनं ते असं म्हटलं की ती कुणाला म्हणतेय हे कुणालाच नक्की सांगता आलं नसतं. सासऱ्यांना, मला, अध्यक्षांना, का त्या कपाटाला. घर्र घर्र टक्. शेवटच्या ओळीला ज्येष्ठ नटांनी मांडीवर अशी थाप दिली की त्यांचं त्यांनाच लागलं.

अध्यक्ष उठले, कोपऱ्यात गेले, कपाटाचं दार उघडून आत डोकावले, जणू एखादा नवरा राहिलाय का बघावं तसं.

"हे आडवं टाकलं," ते मुलीला म्हणाले, "वर डबा बसवला आणि बाजूला चाक, तर गिरणी होईल का?"

"होईल," ती म्हणाली. किंचाळलीच म्हणा. पण कपाट उघडून किंचाळायची त्याहून कितीतरी सुंदर.

आम्ही खाली उतरलो तेव्हा व्याह्यांनी पेटी माझ्या हातात दिली. आपला चष्मा कुठं राहिला ते बघत होते. "इवाई, सासूचं गाणं लिहायला घ्या आता," ते म्हणाले. मला जिन्यातच सुचलं. भारदस्त, खणखणीत पहिली ओळ. मी ती त्यांना तिथंच म्हणून दाखवली.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग जिन्याच्या कठड्यावर बोटांनी ठेका धरला आणि अगदी प्रेमानं सुरू केलं, "आला आला रुखवत..."